भरती, सुकती, नांगर

२ नोव्हेंबर

क्लबने यंदा खेळाडूंच्या मनाची काळजी घ्यायला दीप्ती मॅडम आणल्यात. त्या म्हणतात, सीझन संपेपर्यंत लिहीत राहा, कोणी वाचणार नाही, सुरुवात स्वतःच्या ओळखीने करा. दहावीनंतर मी पेन धरलं ते सह्या द्यायला, आणि सह्याही कोणी फारशा मागत नाही. पण कॅप्टनच लिहीत नाही म्हटल्यावर बाकीचे मोकाट सुटतील, म्हणून बसलोय.

तर मी हरेश्वर. मनोरीचा कोळी, वय तेहेतीस, अंधेरीच्या साष्टी एफसीचा गोलकीपर. गेल्या वर्षी आम्ही देशातल्या दुसऱ्या नंबरच्या लीगमध्ये चढलो आणि ओरडून ओरडून घसे बसवून घेतले. यंदा टिकायचंय. शेवटच्या दोन टीम खाली जातात, आणि खाली गेलो तर टीम मोडणार असं मालकांनी पहिल्याच मीटिंगला सांगून टाकलं. टिकलो तर मी आणखी एक वर्ष खेळणार, मग इथेच कीपरांचा कोच. मला दुसरं काही येत नाही. होडीत बसलं की मला उलटी होते, हे सगळ्या मनोरीला माहीत आहे.

माझ्या पुढे मिथुन असतो. नाहूरचा मिथुन, सेंटर-बॅक. अकरा वर्षं झाली, जिथे मी तिथे तो. तो बोलत नाही आणि मी गप्प बसत नाही, त्यामुळे आमचं जमतं. या लीगमध्ये बंगाली, मणिपुरी, पंजाबी, मल्याळी सगळे भेटतात, आणि इंग्रजीत ओरडलं की सगळ्यांना कळतं. म्हणून आम्ही आमचे शब्द केले, माझ्या वडिलांच्या होडीवरचे. 'भरती' म्हटलं की बचावाची अख्खी फळी पुढे धावते आणि समोरचा फॉरवर्ड फळीच्या मागे एकटा राहून ऑफसाइडमध्ये सापडतो. 'सुकती' म्हणजे ओहोटी, सगळे मागे. 'नांगर' म्हणजे हलू नका, आपापला माणूस धरा. मिथुनचं घराणं जालन्याकडचं. सुरुवातीला भरती म्हटलं की तो पाणी येतं की जातं याचा विचार करत उभा राहायचा आणि तेवढ्यात गोल व्हायचा. आता मी तोंड उघडायच्या आत निघतो.

१० नोव्हेंबर

पहिली मॅच घरच्या मैदानावर, लखनौच्या गोमती रेंजर्सशी. १-१. त्यांचा नऊ नंबर चपळ आहे, पण पाच वेळा ऑफसाइडमध्ये सापडला आणि शेवटी लाइन्समनवर डाफरायला लागला. मी मागून हसत होतो.

मॅचच्या आधी नेहमीसारखी मिथुननेच माझ्या बोटांना पट्टी बांधली. डाव्या हाताची मी बांधतो, उजव्याची तो. फिजिओला हे आवडत नाही, पण त्याच्या हातची पट्टी मला सैल वाटते. शेजारी कोण आहे यावर पट्टीचा घट्टपणा ठरतो, असं मी म्हटलं तर मिथुन म्हणाला, गप बस, हात हलवू नको.

२६ नोव्हेंबर

तीन मॅच, तीन पराभव. शिलाँगला तर थंडीने हात बधिर झाले होते. उंच क्रॉस आला की आमच्या पेटीत, म्हणजे गोलपुढच्या चौकोनात, कोणाचं डोकंच पोचत नाही. मिथुन पाच फूट नऊ, त्याच्या जोडीचा विशाल त्याहून बोटभर जास्त. आमचे कोच श्यामसुंदर सर म्हणाले, परदेशी सेंटर-बॅक आणतोय. सर घाटकोपरचे, शब्द मोजून खर्च करतात, त्यामुळे आणतोय म्हणजे आणलाच.

५ डिसेंबर

घसा बसलाय. बायकोने, जयाने, काढा दिला, त्याने आणखी बसला.

क्वामे आला. घाना देशाचा, सव्वासहा फूट, हसरा. दारातून वाकून आत येतो. प्रॅक्टिसनंतर सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, याच्यासाठी कोणाला बेंचवर बसवू, मिथुनला की विशालला. विशाल बावीसचा पण नाही. बसवला तर आठवडाभर तोंड फुगवून फिरणार आणि ड्रेसिंगरूम नासवणार. मी म्हटलं, मिथुनला बसवा, तो समजून घेईल, कुरकुर करणाऱ्यातला नाही. सर म्हणाले, मग तूच सांग त्याला, तुझा माणूस आहे. मी म्हटलं, नको, तुम्हीच सांगा, आणि माझं नाव मध्ये घेऊ नका, उगाच गैरसमज होतात.

मार्वेहून येताना फेरी बराच वेळ खोळंबली. एक टेम्पो तराफ्यावर चढवताना सगळ्यांनी सल्ले दिले आणि ढकलला कोणीच नाही. शेवटी मी उतरून ढकलला.

१३ डिसेंबर

जिंकलो! २-०, पहिला विजय. क्वामेने हवेतला एकही बॉल सोडला नाही. मिथुन बेंचवर होता. मॅच संपल्यावर सगळ्यांच्या आधी त्याने बाटल्या गोळा केल्या. मी जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हटलं दोन-चार मॅचची गोष्ट आहे रे. तो म्हणाला, हो. बघा, मी म्हटलं होतं ना, कुरकुर करणाऱ्यातला नाही.

पट्टी फिजिओने बांधली. या वेळी सैल नाही, रक्त थांबेल इतकी घट्ट.

२७ डिसेंबर

क्वामेला घरी जेवायला आणला. फेरीत तो लहान मुलासारखा कठड्याला धरून उभा होता. जयाने ओले बोंबील तळले, तिने मोजायचं सोडून दिलं इतके त्याने खाल्ले. मग अंगणात मी त्याला तिन्ही शब्द शिकवले. खुर्च्या मांडून फळी केली, आमच्या बाबांना फॉरवर्ड केलं. भरती, सुकती, नांगर. बाबा म्हणाले, या माणसाचा उच्चार तुझ्यापेक्षा बरा आहे.

मिथुनला पण बोलावलं होतं. आईला बरं नाही म्हणाला. जया म्हणाली, तो नाराज आहे का? मी म्हटलं, छे, आम्ही काय कालचे आहोत का.

९ जानेवारी

आज डोकं ठिकाणावर नाही. दुपारी टीमच्या ग्रुपवर मेसेज पडला: मिथुन साष्टी सोडून गोमती रेंजर्सकडे, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. खाली सगळ्यांचे हात जोडलेले आणि फुलं. मला ग्रुपवरून कळलं. मला!

फोन केला तर म्हणाला, बॅग भरतोय, उद्या सकाळची गाडी आहे. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, काय सांगायचं, इथे बेंच आहे, तिथे खेळायला मिळेल. मी म्हटलं, अरे पण माझ्याशी बोलायचंस तरी, मी सरांशी बोललो असतो. तिकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, तू सरांशी बोलतोस ते माहितीय मला.

असं तिरकं तो कधी बोलत नाही. लखनौची हवा लागली वाटतं, जायच्या आधीच. माणसाने अकरा वर्षांच्या दोस्ताला न सांगता आयुष्यातला निर्णय घ्यावा? इतका परका झालो मी? जेवलो नाही. जयाने ताट झाकून ठेवलं.

२ फेब्रुवारी

तळापासून वर चौथे. क्वामे झकास खेळतोय, शब्द असे ऐकतो की मनोरीतच जन्मला असावा.

मिथुनचा फोन आला, आपणहून. तो तिकडे रोज खेळतोय. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाला, ते शब्द बदललेस की नाही? मी हसलो. म्हटलं, कशाला बदलू, तिकडे तू आहेस ना, दुसरा कोण असता तर बदलले असते. तो म्हणाला, तरी बदल. मी म्हटलं, का रे, आपले शब्द क्वामेला दिले म्हणून पोटात दुखतंय का? तो म्हणाला, तसं समज. आणि फोन ठेवला.

थोडं बरंच वाटलं मला. म्हणजे त्याला आठवण येते.

१ मार्च

पुन्हा घसरलो. क्वामेची मांडी ताणली गेली, तीन मॅच नव्हता. एक बरोबरी, दोन पराभव. सर आता नुसते गवताकडे बघतात.

१७ मार्च

मिथुनचा पुन्हा फोन. माझ्या आईचं विचारलं, बाबांचं विचारलं. मग तेच: हऱ्या, शब्द बदल. मी वैतागलो. म्हटलं, तू आमच्या टीमचा कोच आहेस का? तुझं तू बघ. तो म्हणाला, दोनदा सांगितलं, आता नाही सांगणार. बरं बाबा, नको सांगू.

२९ मार्च

शेवटची मॅच पुढच्या रविवारी, अंधेरीत, आणि समोर कोण तर गोमती रेंजर्स. शिलाँगवाले तळाला पक्के झालेत. खाली जायची दुसरी जागा आमच्या दोघांतल्या एकाची. आम्हाला बरोबरी पुरते, त्यांना जिंकावंच लागेल.

आज मीटिंगमध्ये सर म्हणाले, मिथुन त्यांच्याकडे आहे, तुमच्या आरोळ्या बदला, आठवडा आहे. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, सर, क्वामेला आत्ता कुठे हे शब्द अंगात भिनलेत, ऐन वेळी बदलले तर वाट लागेल. आणि दुसरं म्हणजे मिथुन असलं काही करणार नाही. त्याच्यावर संशय घ्यायचा असेल तर माझ्या हातावरची कॅप्टनची पट्टी काढून घ्या. सर म्हणाले, तू त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. मी म्हटलं, आहेच ओळखत.

बरं वाटलं बोलून. मित्राच्या मागे मित्राची बाजू घेतली.

५ एप्रिल

गोमतीवाले आलेत. संध्याकाळी ते मैदानावर सराव करून बाहेर पडत होते, तेव्हा गेटवर मिथुन दिसला. बारीक झालाय. मी हाक मारली, तो आला, हात मिळवला, पण हात सोडायची घाई होती. मी म्हटलं, उद्या काय होईल ते होईल, नंतर मनोरीला ये, जया वाट बघते. तो म्हणाला, बघू. मग मागे वळून काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात त्यांची बस हॉर्न द्यायला लागली.

उद्या टिकतो आपण. मला खात्री आहे.

६ एप्रिल

खाली गेलो.

लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

हाफटाइमला १-० पुढे होतो. मिथुन समोरच्या टोकाला, त्यांच्या पेटीत. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या मिडफिल्डरने बॉल उचलला, मी ओरडलो, भरती. आमची फळी निघाली. त्यांचा नऊ नंबर, नोव्हेंबरात पाच वेळा सापडलेला, तो आमच्या फळीच्या बरोबरीने, पाय मोजत बाहेर आला. जणू मी त्यालाच सांगितलं होतं. आणि मागून त्यांचा दुसरा एक जण मोकळ्या जागेत घुसला. १-१. मला वाटलं नशीब. मी कुत्र्यासारखा ओरडलो आमच्याच पोरांवर.

मग शेवटची काही मिनिटं. आम्ही लटकून होतो, बरोबरी पुरेशी होती. त्यांची फ्री-किक. मी म्हटलं, नांगर. सगळे जागेवर. किक मारायला तो धावला आणि त्याच क्षणी आवाज आला: "सुकती!"

मी नव्हतो ओरडलो.

तो नऊ नंबर ओरडला होता. लखनौचा पोरगा, माझ्या बापाचा शब्द त्याच्या तोंडात. 'क'वर जोर देऊन, चुकीचा, पण क्वामेला पुरेसा. क्वामे मागे सरकला, बिचारा, ऐकलं ते केलं त्याने. नऊ नंबर एकटा उभा राहिला आणि त्याने डोक्याने बॉल कोपऱ्यात घातला. मी हललोही नाही.

मी रेफरीकडे धावलो. म्हटलं, साहेब, त्याने आमचा शब्द वापरला, आमच्या माणसाला फसवलं, हा फाऊल आहे. रेफरी आसामचे होते बहुतेक. त्यांनी विचारलं, कौनसा शब्द? मी सांगितलं. म्हणाले, मतलब? मी म्हटलं, समुद्र मागे जातो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कीव आल्यासारखं, आणि गोल मान्य म्हणून मध्यभागाकडे बोट दाखवलं.

तेव्हा मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. त्यांची अख्खी टीम एकमेकांवर पडली होती. मिथुन एकटाच त्यांच्या पेटीत उभा होता, पाठ करून. नाचत नव्हता. पण त्याने काय फरक पडतो. त्यांच्या टीममध्ये ते शब्द त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे नव्हते.

सर ड्रेसिंगरूममध्ये मला एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

८ एप्रिल

गद्दार. गद्दार. गद्दार.

दीप्ती मॅडमनी सांगितलंय मनात येईल ते लिहा. हेच येतं.

११ एप्रिल

मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, टीम बंद. क्वामे विमानतळावर जाण्याआधी मला मिठी मारून रडला, म्हणाला चूक माझी. मी म्हटलं, नाही, चूक माझी, मी एका माणसावर विश्वास ठेवला.

बाबा म्हणाले, उद्यापासून होडीवर ये, उलटीची सवय होते.

१६ एप्रिल

काल नाहूरला गेलो होतो. जायचं नव्हतं, पण आत जळत होतं ते कुठेतरी ओकायलाच हवं होतं. परवाच जयंती झालेली, गल्लीत अजून निळ्या पताका होत्या. दार शीतलने उघडलं. मिथुनची बायको नेहमी थट्टेने स्वागत करते, काल नुसतं या म्हणाली, पाणी ठेवलं आणि सासूला घेऊन शेजारी गेली.

मी बसलोच नाही. विचारलं, तू सांगितलेस?

तो म्हणाला, "सांगितले. गेल्या गेल्या विचारलं त्यांनी. दोन महिने टाळलं. दोनदा तुला बोललो की बदल."

मला वाटलं होतं नाकारेल. नाकारलं असतं तर मी कदाचित मानलंही असतं. मी म्हटलं, मी तुझ्यासाठी सरांशी भांडलो, सगळ्यांसमोर पट्टी काढा म्हणालो, इतका विश्वास टाकला, आणि तू माझ्या बापाचे शब्द विकलेस. माझा आवाज चढला होता. शेजारचा टीव्ही बंद झाला.

मिथुन भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "डिसेंबरात सरांनी विचारलं कोणाला बसवू, तेव्हा तू कोणाचं नाव घेतलंस?"

हे त्याला कसं कळलं? म्हणाला, निघताना सर सहज बोलून गेले, त्यांना वाटलं तू मला सांगितलं असशील. मी म्हटलं, अरे ते टीमसाठी होतं. विशालने तमाशा केला असता. तुझ्यावर भरवसा होता म्हणून तर तुझं नाव घेतलं, परक्याचं घेतलं असतं का?

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते, आणि मी त्याला इतक्या वर्षांत असं कधी बघितलेलं नाही, पाय मोडला तेव्हाही नाही.

"मला विचारलं असतंस ना हऱ्या," तो म्हणाला, "तर मी स्वतः जाऊन सरांना सांगितलं असतं, मला बसवा म्हणून."

चहा न घेता निघालो. जिन्यात शीतल भेटली, तिनेही थांबवलं नाही.

घरी येऊन जयाला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, चोरी करून वर मलाच विचारतो. मी माणूस बसवला, त्याने टीम बुडवली, या दोन गोष्टी एक आहेत का? ती बोंबील साफ करत होती. म्हणाली, एक नाहीत. मग पुढचा बोंबील हातात घेत म्हणाली, पण तू त्याला विचारलं का नव्हतंस?

मी म्हटलं, इतक्या वर्षांच्या दोस्तीत विचारायचं काय असतं? आणि तुला फुटबॉलमधलं काय कळतं?

ती म्हणाली, काहीच नाही कळत. आणि पाटी उचलून बाहेर गेली.

तिला खरंच काही कळत नाही. सकाळपासून तिला नीट समजावून सांगायला शब्द शोधतोय, दोन वेळा तिच्या मागे अंगणात जाऊन आलो. अजून सापडलेले नाहीत.